११५ व्होल्टवर ठेवलेला जुना ऑसिलोस्कोप २३० व्होल्टला जोडला गेला. तपासणी कोठून सुरू करावी?

नारायणपेठकर: गेल्या रविवारी जुन्या बाजारातून टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ हा ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारे उपकरण) आणला. मागचा व्होल्टेजचा स्विच ११५ वर आहे हे न पाहताच मी तो घरच्या सॉकेटला जोडला. चूक सर्वस्वी माझी. क्षणभर मोठी घरघर झाली आणि फ्यूज उडाला. त्याची काच आतून काळीचंदेरी झाली आहे, जळका वास मात्र आला नाही. स्विच २३० वर करून नवा फ्यूज घालून पाहावा का?

डिमरस्टॅट: एवढ्यात नको. ११५ च्या जोडणीत ट्रान्सफॉर्मरची दोन्ही प्रायमरी (मेन्सकडची) वाइंडिंग समांतर असतात. त्यांवर दुप्पट व्होल्टेज आले की गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, प्रवाह एकदम चढतो आणि फ्यूज जातो. तो वेळेवर गेला असल्यास ट्रान्सफॉर्मर बहुधा वाचला असेल, आणि खरी काळजी त्याचीच, कारण बाकीचे बहुतेक सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतील, तो मिळणार नाही. प्लग काढून दोन्ही वाइंडिंगचा रोध मोजा. तो जवळपास सारखा यायला हवा. मग सेकंडरी (आतल्या सर्किटकडची वाइंडिंग) सोडवून, स्विच २३० वर करून, ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो पूर्ण उजेडाने पेटत राहिला, तर वाइंडिंग आतून शॉर्ट आहे असे समजा. त्यानंतर एसीचे डीसी करणारे रेक्टिफायर आणि ते सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर पाहा, कारण वाढलेले व्होल्टेज आधी त्यांच्यावर येते. शेवटी कपॅसिटर डिस्चार्ज करून −८, +५, +१५, +५५ आणि +११० व्होल्ट या पुरवठ्यांचा ग्राउंडशी रोध मोजा.

कर्वेरोड: २३० वर फ्यूज ११५ च्या निम्म्या अँपिअरचा लागतो, जुन्याच क्षमतेचा घालू नये. सगळे कपॅसिटर सरसकट बदलण्याचा उत्साहही आवरावा. त्यात नव्या चुका शिरतात. पिक्चर ट्यूबजवळ काही हजार व्होल्ट असतात, म्हणून तिकडे हात घालण्याची घाई नको.

नारायणपेठकर: दोन्ही वाइंडिंगचा रोध सारखा आला आणि बल्ब जेमतेम लालसर झाला. रेक्टिफायर ठीक आहेत, पण +१५ चा ग्राउंडशी रोध अवघा २ ओहम दिसतो. एकेका टँटॅलम कपॅसिटरचा एक पाय उचलत गेलो, तेव्हा चौथा उचलताच रोध वर गेला.

डिमरस्टॅट: मग तो कदाचित तुमच्या चुकीने गेलेला नाही. +१५ हा व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या पुढे आहे, आणि या काळातले टँटॅलम नुसत्या वयानेही शॉर्ट होतात. तेवढाच बदला, पोलॅरिटी दोनदा तपासा आणि पहिल्यांदा बल्बसह, डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवा.