नॅसॉ काउंटीचे पोलीस दल म्हणजे आपले जिल्हा पोलीसच का?

प्रश्न: नवा_रहिवासी

आम्ही गेल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरील नॅसॉ काउंटीत घर घेतले. मालमत्ता कराच्या बिलात पोलिसांसाठी दोन वेगळ्या रकमा दिसतात, एक ‘पोलीस मुख्यालय’ या नावाने आणि दुसरी ‘पोलीस डिस्ट्रिक्ट’ या नावाने. गार्डन सिटीत राहणाऱ्या स्नेह्यांच्या बिलात मात्र यांपैकी पहिलीच आहे. काउंटी म्हणजे जिल्हा असे धरले, तर एकाच जिल्ह्यात असा भेद का असावा? शिवाय येथे शेरीफही आहेत. मग पोलीसप्रमुख नेमके कोण?

उत्तर: जुना_लाँगआयलंडकर

काउंटीला जिल्हा म्हणणे भूगोलापुरते ठीक आहे, पण कारभारासाठी ते शब्द सारखे मानले की गोंधळ सुरू होतो. महाराष्ट्रात जिल्ह्याचे पोलीस हे राज्याच्या पोलीस दलाचाच भाग असतात. पोलीस अधीक्षक राज्य शासन नेमते आणि पगारही राज्याच्या तिजोरीतून होतो. येथे काउंटीचे पोलीस खाते काउंटीनेच उभे केलेले आहे, त्याचा खर्च मुख्यतः तेथील करदाते देतात आणि न्यूयॉर्क राज्याचे पोलीस दल त्याहून पूर्णपणे वेगळे आहे.

भेदाचे मूळ इतिहासात आहे. १८९८ मध्ये क्वीन्स काउंटीचा पश्चिम भाग न्यूयॉर्क शहरात सामील झाला आणि बाहेर राहिलेल्या हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड व ऑयस्टर बे या तीन टाउनची (टाउन म्हणजे काउंटीचा उपविभाग) १८९९ मध्ये नॅसॉ काउंटी झाली. त्यानंतर पाव शतक बंदोबस्त कॉन्स्टेबल आणि गावोगावच्या लहान दलांकडे होता. मोटारी आल्या, शेतजमिनींवर घरे उठली आणि १९२० मध्ये सुमारे १ लाख २६ हजार असलेली लोकसंख्या १९३० पर्यंत ३ लाखांवर गेली. गावाच्या वेशीपाशी अधिकार संपणाऱ्या शिपायाला मोटारीतून पळणारा चोर सापडणे कठीणच होते. १९२५ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने पोलीस खाते स्थापन केले. एब्राम स्किडमोर हे त्याचे पहिले प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली ५५ अधिकारी व बोटांच्या ठशांचा एक तज्ज्ञ एवढाच फौजफाटा होता. इतक्या लहान दलातही ठसेतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी जागा मिळाली, यावरून शिपाई वाढवण्याइतकीच तपास एका ठिकाणी आणण्याचीही निकड होती, असे मला वाटते.

ज्या गावांना स्वतःचे पोलीस ठेवायचे होते, त्यांनी ते ठेवले. गार्डन सिटी, फ्रीपोर्ट आणि रॉकव्हिल सेंटर येथे आजही गावाचेच गस्तीचे पोलीस आहेत. मात्र खुनाचा तपास आणि इतर विशेष पथके काउंटीच्या खात्याकडे असतात आणि त्यांचा लाभ सर्वांना मिळतो. म्हणून ‘मुख्यालया’चा कर काउंटीभर आकारला जातो, तर ‘डिस्ट्रिक्ट’चा कर, म्हणजे प्रिसिंक्टमधील (पोलीस ठाण्याच्या हद्दीतील) गस्तीचा खर्च, ज्यांच्या दारी काउंटीची गाडी फिरते त्यांच्याकडूनच घेतला जातो. आपल्या स्नेह्यांची दुसरी रक्कम वाचलेली नाही. ती त्यांच्या गावाच्या करात आहे.

उत्तर: कायदा_वाचक

शेरीफविषयी लिहितो. मुंबईत शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे केवळ मानाचे पद असल्यामुळे आपली कल्पना एका टोकाला जाते आणि चित्रपटांतील घोडेस्वार शेरीफमुळे दुसऱ्या टोकाला. नॅसॉत शेरीफचे काम मुख्यतः तुरुंग चालवणे आणि दिवाणी न्यायालयांचे आदेश बजावणे हे आहे. पोलीस खात्याचे प्रमुख पोलीस आयुक्त असतात. त्यांची नेमणूक काउंटीचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख करतात आणि तिला काउंटी विधिमंडळाची संमती लागते. एक व्यावहारिक गोष्टही सांगून ठेवतो: येथे रुग्णवाहिकांचा एक विभाग पोलीस खात्याचाच आहे, त्यामुळे आजारपणात बोलावल्यावर पोलिसांची गाडी दारात आली तर घाबरू नये.

नवा_रहिवासी

आभारी आहे. शेजारच्या सफोक काउंटीतही हीच रचना आहे का?

उत्तर: जुना_लाँगआयलंडकर

तत्त्व तेच, पण तेथील रेषा अधिक ठळक आहे. सफोकचे खाते १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाले आणि त्याची गस्त पश्चिमेकडील बॅबिलॉन, हंटिंग्टन, आयस्लिप, स्मिथटाउन व ब्रुकहेवन या पाच टाउनपुरतीच राहिली. पूर्वेकडील रिव्हरहेड, साउथॅम्प्टन, ईस्ट हॅम्प्टन, साउथोल्ड आणि शेल्टर आयलंड यांनी आपापले पोलीस कायम ठेवले. सफोकचे शेरीफ निवडून येतात, नॅसॉचे मात्र नेमले जातात.

उत्तर: दक्षिणेकडून

ही रचना कायमची असते असेही समजू नये. फ्लोरिडातील डेड काउंटीने १९५७ च्या सनदेनंतर शेरीफ कार्यालयाची पुनर्रचना करून सार्वजनिक सुरक्षा खाते केले. शेरीफ निवडावा की नेमावा, हा वाद पुढेही धुमसत राहिला आणि १९६६ मध्ये मतदारांनी नेमणुकीच्या बाजूने कौल दिला. १९७३ मध्ये तुरुंग वेगळ्या खात्याकडे गेले आणि १९८१ मध्ये ‘मेट्रो-डेड पोलीस’ हे नाव आले. काउंटीचे नाव बदलल्यावर, १९९७ मध्ये, ते ‘मायामी-डेड पोलीस’ झाले. मग २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या राज्यघटनेतील दुरुस्तीने प्रत्येक काउंटीत निवडून आलेला शेरीफ सक्तीचा केला आणि जानेवारी २०२५ पासून ते सगळे खाते पुन्हा शेरीफच्या कार्यालयात गेले. आमच्याकडे गणवेशांवरील बिल्लेही त्यामुळे बदलले.