मदत हवी आहे: बॅटरीवरची मोटर जोरात फिरत नाही

धडपड्या: मोटरचा वेग वाढवायचाय. एका बॅटरीवर हळू फिरते म्हणून दुसरी जोडली, तरी फरक शून्य. रेग्युलेटर बसवू का? शनिवारपर्यंत हवंय, लवकर सांगा.

वायरमन: मोटर किती व्होल्टची? बॅटरी कुठली? दुसरी सिरीजमध्ये (एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस) जोडलीत की पॅरललमध्ये?

धडपड्या: साधी डीसी मोटर आहे हो. बॅटरी चौकोनी, ९ व्होल्टवाली. प्लसला प्लस, मायनसला मायनस.

वायरमन: म्हणजे पॅरलल. त्याने बॅटरी जास्त वेळ टिकते, व्होल्टेज तेवढंच राहतं. आणि मोटरवर भार कसला आहे, ती फिरवते काय?

निखारा: सरळ १८६५० चे (लिथियमचे) तीन सेल सिरीजमध्ये टाका. फुल चार्जला १२.६ व्होल्ट. माझी गाडी त्यावर नुसती उडते.

वायरमन: निखारा, मोटर किती व्होल्टची हेच कळलं नाही आणि तुम्ही १२.६ द्यायला सांगताय? वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळेल. लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो, तेही सांगा ना.

निखारा: बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) लावायचा की! थोडा वेळ जास्त व्होल्टेज मोटर सहन करते.

सायकलवेडा: ई-सायकल असेल तर टायरमधली हवा बघा. कमी हवेने वेग पडतो आणि बॅटरीही लवकर संपते.

धडपड्या: सायकल नाही, खेळण्यातली बोट आहे!! मोटरवर ६ व्ही लिहिलंय. हातात धरली की मस्त फिरते, पाण्यात सोडली की मरते.

वायरमन: हेच तर विचारत होतो. पाण्यात बोटीचा पंखा फिरत असताना बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा.

धडपड्या: ४.३. पाण्याबाहेर ८.९.

वायरमन: मग बॅटरीच कमी पडतेय. या चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध (करंटला आतूनच होणारा अडथळा) जास्त असतो, करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. रेग्युलेटरचा उपयोग नाही, तो आहे त्यातूनच कमी करून देतो. रिचार्जेबल एए सेल पाच घ्या, सिरीजमध्ये. प्रत्येकी १.२, म्हणजे बरोबर ६. वायर जाड वापरा.

दर्यावर्दी: पंखा केवढा आहे? तोच पंखा पाण्यात दुप्पट वेगाने फिरवायला साधारण आठपट शक्ती लागते. नुसतं व्होल्टेज वाढवत बसू नका, लहान व्यासाचा लावून बघा.

निखारा: म्हणून तर लिथियम म्हणतोय. भरपूर करंट देतात.

धडपड्या: होल्डर चार सेलचाच आहे. साधे अल्कलाइन चालतील?

वायरमन: चालतील, चार गुणिले दीड सहाच. पाण्यात थोडं पडेल, पण ४.३ पर्यंत जाऊ नये. मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली तर लगेच बंद करा आणि दर्यावर्दी म्हणतात तसा पंखा बदला.