भोकाच्या पैशाला चिंच लावू नका
दादा, आजीच्या डब्यातले भोकाचे पैसे, म्हणजे मधे भोक असलेली इंग्रजांच्या काळातली नाणी, विकायच्या आधी चिंचेनं लख्ख करा, असं तुम्हाला कुणी सांगितलंय. कृपा करून तसं करू नका! आमच्या खानापूरच्या घरी देव्हाऱ्यातली तांब्याची नाणी दर दसऱ्याला चिंच-मिठानं घासायचे. आता त्यांच्यावरच्या राणीचं नाक सपाट झालंय, साल बोटानं चाचपावं लागतं. असलं नाणं संग्राहक हातात धरत नाही.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ एवढाच निघाला, पण अमाप. साधा नग थोडक्या रुपयांतच जातो. लाखाचं आमिष दाखवून आधी फी मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलंय. डब्यात १९३९ चा चांदीचा रुपया मात्र नक्की शोधा. तो खरंच दुर्मिळ, म्हणूनच नकलीही फार.