मदत हवी आहे: यूएसपी७ रोखल्यावर पी५३ वाढतं कसं?

नमस्कार मंडळी,

सेमिनारसाठी युबिक्विटिन (इतर प्रथिनांवर खूण म्हणून लागणारं छोटं प्रथिन) वाचतेय आणि एका जागी अडलेय.

मूळ प्रकार कळला. ई१, ई२, ई३ ही एंझाइमं मिळून ७६ अमिनो आम्लांचं युबिक्विटिन प्रथिनाला चिकटवतात, के४८ जोडणीची (४८ व्या अमिनो आम्लातून, म्हणजे लायसिनमधून जोडलेली) साखळी लागली की प्रोटिअ‍ॅसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) त्या प्रथिनाचे तुकडे करतो. पी५३ (बिघडलेल्या पेशीचं विभाजन रोखणारं प्रथिन) च्या बाबतीत ई३, म्हणजे खूण कोणाला लावायची ते निवडणारं एंझाइम, मुख्यतः एमडीएम२. गंमत म्हणजे एमडीएम२ चं जनुक पी५३ च चालू करतं, म्हणजे आपला मारेकरी आपणच पोसायचा! डीएनए तुटला की पी५३ वर फॉस्फेट बसतात, एमडीएम२ ची पकड सैल होते, पी५३ साठतं, विभाजनाला ब्रेक लावणारं पी२१ चालू होतं आणि पेशीचं विभाजन थांबतं.

आता यूएसपी७ हे एंझाइम पी५३ वरचं युबिक्विटिन काढतं. मग ते रोखलं तर पी५३ आणखी लवकर संपायला हवं ना? पेपरांत मात्र उलटंच दिसतं.

शिवाय, पी५३ चं एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) तेवढंच आणि प्रथिन वाढलेलं, एवढ्यावरून विघटन थांबलं म्हणावं का?

प्रतिसाद:
यूएसपी७ एमडीएम२ वरचंही युबिक्विटिन काढतं. एमडीएम२ स्वतःलाच युबिक्विटिन लावून घेतं, त्यामुळे यूएसपी७ नसलं की आधी तेच संपतं आणि पी५३ मोकळं सुटतं. २००४ मध्येच दिसलं होतं: यूएसपी७ थोडं कमी केलं तर पी५३ घटतं, पूर्ण काढलं तर वाढतं. म्हणून ‘किती रोखलं’ हे आधी बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ‘नाही’. भाषांतराचा (एमआरएनएवरून प्रथिन बनण्याचा) वेग वाढूनही प्रथिन वाढतं. सायक्लोहेक्सिमाइड घालून नवी निर्मिती बंद करा आणि उरलेलं पी५३ किती वेळात ओसरतं ते ब्लॉटवर (प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या चाचणीत) पाहा. निरोगी पेशीत त्याचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटांचंच असतं. सोबत एमजी१३२ (प्रोटिअ‍ॅसोम रोखणारं रसायन) देऊन पी५३ वेगळं काढलंत तर वर चढत जाणारी पट्ट्यांची शिडी दिसेल, एकेक पायरी म्हणजे एक युबिक्विटिन, सुमारे ८.५ किलोडाल्टनची.

पेशी कुठल्या आहेत?

धागाकर्ती:
एका पेपरातल्या आकृतीत हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी) आहेत.

प्रतिसाद:
मग ती आकृती इथे घेऊ नका. हेलात एचपीव्ही १८ या विषाणूचं ई६ प्रथिन ई६एपी या वेगळ्याच ई३ ला हाताशी धरून पी५३ संपवतं. एमडीएम२ चा हिशेब तिथे जुळणार नाही. एचसीटी११६ (मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी) वरचे निकाल शोधा, त्यांत पी५३ शाबूत असतं.