गालावर आपोआप पडणारे खळगे: मुरूम नाहीत, कांजिण्याही नाहीत

तापीकाठ
शहादा तालुक्यातली १७ वर्षांची मुलगी. वर्षभरात दोन्ही गालांवर आठ-दहा उथळ खळगे पडलेत, काही गोल, काही रेघेसारखे. आधी पुरळ, खाज, मार काही नाही. घरचे मेडिकलवरून आणलेलं क्रीम लावतायत. तपासायचं कुठून?

सातपुडा
भाऊ, आधी ती ट्यूब बघा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं स्टेरॉइड असेल तर त्यानंच कातडी पातळ होते. महिनोन्‌महिने लावलं असेल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. त्वचातज्ज्ञाला विचारून कमी करा.

हे वर्णन ॲट्रोफिया मॅक्युलोसा व्हॅरिओलिफॉर्मिस क्युटिसशी जुळतं, म्हणजे चेहऱ्यावर आपोआप खळगे पडण्याचा आजार. हायडिंग्सफेल्डनं १९१८ साली नोंदवलेला, फार दुर्मिळ. खळगे देवीच्या वणांसारखे, म्हणून हे नाव. पण बाकी सगळं वगळल्याशिवाय हे निदान करायचं नाही.

खान्देशातल्या उन्हात एक प्रश्न विचाराच: उन्हात गेल्यावर काही मिनिटांत चेहरा आणि हात चरचरतात का, तेही लहानपणापासून? मग एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया, म्हणजे रक्तात प्रोटोपोर्फिरिन हे द्रव्य साठून ऊन न सोसण्याचा आजार. त्यातही नाक-गालांवर असे वण राहतात. उन्हानं फोड येऊन खपली धरत असेल तर हायड्रोआ व्हॅक्सिनिफॉर्मे हा दुसरा आजार. नखानं खुडायची सवय आहे का तेही विचारा, पण मुलीला एकटीला, आईसमोर नाही.

केळीबाग
प्रोटोपोर्फिरियासाठी लघवी पाठवू नका! प्रोटोपोर्फिरिन पाण्यात विरघळत नाही, लघवी नॉर्मल येते आणि आजार निसटतो. रक्तच हवं. ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या), काढल्याबरोबर फॉइलमध्ये गुंडाळून. उजेडात ते नष्ट होतं आणि नमुना बाहेरगावी पोचेपर्यंत आकडा खोटा कमी येतो.

बायोप्सी ठरलीच तर सगळ्यात नव्या खळग्याच्या काठावर ४ मिमी पंच (गोल पात्यानं काढलेला कातडीचा तुकडा): अर्धा खळगा, अर्धी चांगली कातडी. खळग्याची बाजू टाका घालून दाखवा. नुसता मधला तुकडा पाठवला तर ताडून बघायला काही उरत नाही. फॉर्मवर ‘व्हेरहोफ-व्हॅन गिसन’ या खास रंगाचं नाव लिहा. नेहमीच्या रंगात मायक्रोस्कोपखालची काच जवळजवळ नॉर्मल दिसते, कातडीतले लवचिक (इलास्टिक) तंतू कमी झालेत का ते या रंगातच कळतं. पंचाचाही बारीक वण राहील, हे आधी सांगा.

तापीकाठ
आणि उपचार?

सातपुडा
खात्रीचा नाही. घरच्यांना स्पष्ट सांगा, हा संसर्ग नाही, एकमेकांना लागत नाही. नवे खळगे पडतायत तोवर लेझर, पील नको. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग वरून पडतात. दर तीन महिन्यांनी फोटो काढा, उजेड बाजूनं पाडून. समोरून फ्लॅश मारला की खळगे दिसतच नाहीत.