मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या पुतणीसाठी ट्रस्ट

नमस्कार मंडळी. माझा दादा गेल्या वर्षी गेला. मागे वहिनी आणि नऊ वर्षांची मुलगी. निफाडकडच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर पोरीचं नाव लागलंय, वहिनी अपाक (अज्ञान पालनकर्ती). पोरीच्या हिश्श्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, त्यामुळे त्या बाबतीत जीव थोडा शांत आहे.

प्रश्न आईच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा आहे. तो तिच्या स्वकष्टाचा आहे आणि तिला तो नातीलाच द्यायचाय. पण अठरा पूर्ण होताच सगळं एकदम पोरीच्या हातात पडू नये. शिक्षण भाड्यातून व्हावं आणि ताबा पंचविसाव्या वर्षी मिळावा, असं आई म्हणते. कुणी म्हणालं धर्मादाय आयुक्तांकडे जा. पण ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. आपला खासगी, म्हणजे 1882 चा भारतीय ट्रस्ट कायदा. त्यातलं कलम 56 वाचून मात्र धास्तावलोय. एकटीच लाभार्थी असेल तर सज्ञान झाल्यावर ती मालमत्ता मागू शकते म्हणे. मग पंचविसाची अट टिकावी म्हणून मजकूर कसा लिहावा?

आणि ट्रस्ट मृत्युपत्रातून करावा की आत्ताच नोंदणीकृत दस्त? दस्त केला तर मुद्रांक शुल्क किती पडेल? विश्वस्त मी आणि वहिनी असू, पण तिसरा कुणी बाहेरचा घ्यावा का? नाशकात हे काम नीट केलेले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, दिवाळीआधी सह्या व्हाव्यात अशी तिची इच्छा आहे.