मदत हवी आहे: राजापूरकडे जांभ्याचं जुनं घर घेतेय, सह्यांआधी छपराला हात लावावा का?

नमस्कार मंडळी,

आईच्या माहेराशेजारी, राजापूर तालुक्यात, 14 गुंठ्यांसकट जांभ्या दगडाचं एक चिरेबंदी घर विकायला निघालंय. ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर, दोन रायवळ आंबे. लहानपणी याच खळ्यात खेळलेय, म्हणून जीव अडकलाय. साताऱ्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या पुराव्याची अडचण नाही.

अडचण सह्यांची. सातबाऱ्यावर नऊ नावं सामाईक. त्यातले दोघं वारलेत, वारसनोंद झालेली नाही. एक बहीण बडोद्याला, बाकी बरेचसे मुंबईत. गावातले थोरले काका म्हणतात, "विसार दे, पावसाआधी छप्पर करून घे. गणपतीत सगळे येतात, तेव्हा सह्या होतील." माणूस सरळ आहे, त्यांच्या शब्दाबद्दल शंका नाही. पण बहिणींचाही हिस्सा आहे. एकीनं जरी नाही म्हटलं तर माझे पैसे दुसऱ्याच्या वाशांवर.

आणि थांबावं तर घर थांबत नाही. गेल्या पावसात माजघरावरची कौलं सरकली. तिथल्या वाशात खिळा दाबला तर बोटभर आत गेला, वाळवीनं पोखरलाय. खालच्या भिंतीला कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय. तो फुगलाय. एक पोपडा ओढला तर मागचा चिरा ओला, एप्रिलमध्ये! बोटाला तांबडी भुकटी लागली. जांभा पाणी पितो आणि उघडा असला की वाळतो, इथे ते आतच कोंडलंय असं मला वाटतं.

ज्यांनी असा व्यवहार केलाय त्यांनी सांगा: हयात हिस्सेदारांकडून आत्ताच साठेखत (पुढे विकण्याचा करार) नोंदवून घ्यावं आणि बडोद्याच्या ताईंकडून कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीनं सही करायचा अधिकार), की वारसनोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये? यंदापुरती फक्त ताडपत्री घालून, वाशाला टेकू देऊन भागेल का? सातबाऱ्यावरच्या 'कूळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात एक जुनं नाव आहे, काका म्हणतात ते कूळ कधीच सोडून गेलं. तेवढ्यावर विसंबावं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

लांजा-राजापूर भागात चुन्याचं काम येणारा गवंडी माहीत असेल तर जरूर कळवा. शनिवारी पुन्हा जातेय, तेव्हा भिंतीचे आणि वाशांचे फोटो काढून टाकते.